मानमोडी: केळव्याजवळचा लोहमार्ग आणि फुफ्फुसातली बावीस अक्षरे

आजचा धागा थोडा लांब आहे. सुरुवात मुंबईच्या गोदीत होते आणि शेवट फुफ्फुसातल्या एका पेशीत.

१० जून १९१८. मुंबईचे सात पोलीस शिपाई तापाने फणफणून रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीत नेमणुकीस होता. ताप हिवतापाचा नव्हता. महायुद्धातून परतणारी जहाजे त्या दिवसांत बंदराला लागत होती. जूनची ही लाट बेताची ठरली, पण सप्टेंबरात दुसरी उसळली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मेली.

मुंबईतून ही साथ रेल्वेमार्गांनी देशभर पोहोचली. गुजरातेकडे जाणारा, तेव्हा बी.बी.सी.आय. कंपनीचा असलेला लोहमार्ग केळव्याजवळून जातो. आज पालघर जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात होते. केळव्याच्या किनाऱ्यावर शीतलादेवीचे मंदिर आहे. शीतला ही देवीच्या रोगाची, म्हणजे फोड उठवणाऱ्या तापाची अधिष्ठात्री. या नव्या तापात मात्र अंगावर फोड उठत नव्हते. धडधाकट माणूस अंगदुखीने आडवा होई आणि काही दिवसांत श्वास कोंडून जाई. महाराष्ट्राने या रोगाला स्वतःचे नाव दिले: मानमोडी. इंग्रजी दप्तरातल्या ‘इन्फ्लुएन्झा’पेक्षा हे नाव मला अधिक नेमके वाटते.

रोगाचे कारण कोणते, याविषयी त्या वेळी वैद्यकच चकले होते. रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये वर्णिलेला एक जिवाणू गुन्हेगार ठरवला गेला होता. ट्यूनिसमध्ये निकोल आणि लेबाय्ये यांनी १९१८ मध्येच दाखवले, की रोगकारक घटक जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होतो. तरीही मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढण्यास १९३३ साल उजाडले. स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या इंग्लंडमधील त्रयीने ते काम केले.

विषाणू सापडला, पण कोडे उरलेच. एरवी फ्लू बालकांना आणि वृद्धांना नेतो. मानमोडीने मात्र वीस ते चाळीस वयाच्या माणसांना मोठ्या प्रमाणात नेले. ज्यांची प्रतिकारशक्ती भरात, तीच माणसे का मरावीत?

उत्तराचा धागा अलास्कातल्या गोठलेल्या जमिनीत होता. योहान हुल्टिन यांनी १९९७ मध्ये तेथील दफनभूमीतून फुफ्फुसाचा नमुना मिळवला. टाउबेनबर्गर यांच्या चमूने विषाणूची जनुके वाचली आणि २००५ मध्ये अमेरिकेतल्या बंदिस्त प्रयोगशाळेत तो विषाणू पुन्हा उभा केला गेला. २००७ मध्ये माकडांवरील प्रयोगात दिसले, की या विषाणूपुढे शरीराचा पहिला प्रतिकारच बेताल होतो.

इथे आपल्या कथेत मायक्रोआरएनए येतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत ते प्रथम उलगडले. २०२४ चे नोबेल त्यासाठीच मिळाले. जेमतेम बावीस अक्षरांचा हा आरएनएचा तुकडा. त्यातून प्रथिन बनत नाही. जनुकाचा निरोप नेणाऱ्या लांब आरएनएला तो चिकटतो आणि निरोप दाबतो किंवा नष्ट करवतो. सरकारी कचेरीत आदेश निघावा आणि कारकुनाने तो फायलीखाली सरकवावा, तसे काहीसे. जनुक शाबूत राहते, काम मात्र मंदावते.

विषाणू फुफ्फुसाच्या पेशीत शिरला की या कारकुनांची उपस्थिती बदलते. काही मायक्रोआरएनए वाढतात, काही घटतात. उदाहरणार्थ, मिर-१४६अ हा दाहाचे संकेत पुढे नेणाऱ्या दोन प्रथिनांना आवर घालतो. म्हणजे तो लगाम आहे. २०१० मध्ये पुनर्निर्मित १९१८ चा विषाणू आणि साधा हंगामी विषाणू यांची उंदरांच्या फुफ्फुसांत तुलना झाली. दोहोंत मायक्रोआरएनएंचा नमुना वेगळा निघाला आणि त्यांची संभाव्य लक्ष्ये प्रतिकाराशी व पेशींच्या मृत्यूशी निगडित होती. हा बदल मृत्यूचे कारण की परिणाम, हे मात्र अशा तुलनेने ठरत नाही.

भारतातला धागा अधिक रंजक आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लू आढळला. देशातली ही पहिली नोंद, आणि निदान भोपाळच्या प्रयोगशाळेने केले. त्याच भोपाळमधील आयसर या संस्थेत हिमांशु कुमार यांच्या गटाने २०१५ मध्ये मिर-४८५ चे दुहेरी वर्तन मांडले. पेशीत विषाणू थोडा असताना हा तुकडा रिग-आय या पहारेकऱ्याचाच निरोप दाबतो, म्हणजे उगाच गोंधळ माजत नाही. विषाणू वाढला की तोच तुकडा एच५एन१ च्या पीबी१ या जनुकाच्या आरएनएला चिकटतो आणि त्याची पैदास रोखतो. एकच कारकून, दोन दप्तरे!

तरी १९१८ ची सगळी उकल पेशीत शोधू नये. त्या वर्षी पाऊस फसला होता, धान्य महागले होते. मुंबईत साथीचे मृत्यू युरोपीयांत हजारी ८.३, पारश्यांत ९, तर तेव्हाच्या नोंदींत ‘खालच्या जाती’ म्हणून दाखवलेल्या हिंदूंत ६१.६ होते. मायक्रोआरएनए तर या सर्वांच्या फुफ्फुसांत तेच होते.