पदवीच्या पोरांचं संशोधन

‘एमबीबीएसच्या पोरांनी आधी धड अभ्यास करावा, संशोधनाचं पीजीला गेल्यावर बघू,’ असं म्हणणारे प्राध्यापक पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. विद्यार्थ्यांच्या डोक्यावर नीट-पीजीची टांगती तलवार असते. आयसीएमआर १९७९पासून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना शिष्यवृत्ती देते, पण मुदत दोन महिन्यांची. तेवढ्यात कसला शोध लागणार? आणि लठ्ठपणा हा तर हुकमी विषय: वर्गमित्रांकडून फॉर्म भरून घ्यायचे, टक्केवारी काढायची, सर्टिफिकेट फाइलला लावायचं. असले प्रकल्प होतात, हे मलाही मान्य आहे.

मात्र त्यांचा दोष विद्यार्थ्यांच्या वयावर टाकणं मला पटत नाही. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स या २१ वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातल्या पेशींच्या पुंजक्यांचं वर्णन केलं. त्यांचं काम काय, हे त्याला सांगता आलं नाही. इन्सुलिन तिथेच तयार होतं, हे पुढे कळलं. १९२१मध्ये टोरंटोत इन्सुलिनच्या शोधासाठी डॉ. बँटिंगच्या हाताखाली राबणारा चार्ल्स बेस्टही नुकता पदवी घेतलेला, २२ वर्षांचा. या कथेत त्यांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख प्रा. मॅक्लाउड यांना खलनायक करायची रीत आहे. पण सुट्टीवरून परतल्यावर सुरुवातीच्या निकालांवर शंका घेऊन प्रयोग पुन्हा करायला लावले ते त्यांनीच. गाईडचं काम दुसरं काय असतं?

यावर उत्तर ठरलेलं: ही अपवादात्मक माणसं. कबूल. म्हणूनच माझा मुद्दा त्यांच्यावर उभा नाही. तो आपल्याकडच्या लठ्ठपणावर उभा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. वजनकाट्यावर सडसडीत दिसणारा भारतीय आतून लठ्ठ असू शकतो. अशा पेशंटसमोर बसणाऱ्या डॉक्टरला पुस्तकातला आकडा पाठ असून भागत नाही. तो कोणाच्या शरीरावरून आला, कसा मोजला, हे त्याला विचारता यायला हवं.

आणि ही सवय लागते ती मोजताना. कंबरेचा घेर घ्या. शेवटची बरगडी चाचपायची, कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपायचा, दोहोंच्या मधोमध खूण करून टेप आडवी धरायची, माणसाने सहज श्वास सोडला की आकडा वाचायचा. ऐकायला सोपं. पण एकाने टेप आवळली, दुसऱ्याने सदऱ्यावरूनच लावली, की त्याच पुरुषाचा घेर एकाच्या वहीत ८९ सेंटिमीटर भरतो, दुसऱ्याच्या वहीत ९१. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९०ची. म्हणजे सकाळी निरोगी असलेला गृहस्थ दुपारी ‘पोट सुटलेल्यां’च्या यादीत! अशा वेळी शेजारी गाईड असेल, तर तो दोघांनाही पुन्हा मोजायला लावतो, फरक नोंदवायला लावतो, सोयीचा आकडा उचलू देत नाही. गाईड नुसता सहीपुरता असेल, तर तीच चूक तक्त्यात जाते आणि पुढे निबंधात छापून येते.

हे शिकायला दोन महिने पुरतात. महागडं यंत्र लागत नाही. अनुभवी माणसाचा वेळ लागतो, आणि आपल्या कॉलेजांत टंचाई त्याचीच आहे. एकेका गाईडच्या नावावर डझनभर प्रकल्प चढवायचे आणि मग पोरांना संशोधन जमत नाही म्हणायचं, हा शुद्ध कांगावा आहे.

तेव्हा विरोध करणाऱ्या प्राध्यापकांना विनंती एवढीच: पेपर छापण्याचा आग्रह खुशाल सोडा. पण यंदा दोनच विद्यार्थी घ्या, आणि पहिल्या दिवशी टेप धरताना त्यांच्या शेजारी उभे राहा.