अपघात नव्हे, हत्या

ॲम्स्टरडॅमहून परतलेला मराठी माणूस तिथल्या सायकलींचे तोंडभरून कौतुक करतो आणि शेवटी म्हणतो, ''त्यांच्या रक्तातच आहे ते!'' मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. सायकलींचे शहर हे बिरुद पुण्यानेही मिरवले होते, त्यामुळे ते जरा बोचतही असे. पण नेदरलँड्सचा अलीकडचा इतिहास वाचू लागलो आणि हे रक्ताचे स्पष्टीकरण टिकेना.

महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, सायकली घटल्या. १९६७ साली डेव्हिड जोकिनेन या अमेरिकी नियोजकाने ॲम्स्टरडॅमच्या जुन्या कामगार वस्त्या पाडून शहराच्या गाभ्यापर्यंत सहापदरी रस्ता नेण्याची योजना मांडली. ती बारगळली, रस्त्यांवरचे मृत्यू मात्र वाढत राहिले. १९७१ या एका वर्षात तीन हजार दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती.

त्यांतली एक, सायकलवरून शाळेत निघालेली, 'दे तैत' या दैनिकाचे पत्रकार विक लांगेनहोफ यांची मुलगी होती. १९७२ साली त्यांनी लेख लिहिला. मथळा होता 'स्टॉप दे किंडरमोर्द', म्हणजे 'बालहत्या थांबवा'. मला या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो तो हा शब्द. अपघात म्हटले की चालकाला किंवा नशिबाला बोल लावून मोकळे होता येते. आपली वर्तमानपत्रे आजही 'भरधाव मोटारीची धडक' लिहून थांबतात. हत्या म्हटले की ती कशाने घडली हे विचारावे लागते. मग रस्त्याच्या आखणीकडे बोट जाते.

मथळ्याचेच नाव घेऊन संघटना उभी राहिली. पालकांनी रस्ते अडवले. ॲम्स्टरडॅमच्या दे पैप या दाट वस्तीतल्या मुलांनी खेळायला जागा मागत सह्या गोळा केल्या, स्वतःची गल्ली बंद केली. त्यावरचा माहितीपट १९७२ साली दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. चिडलेला मोटारवाला अडथळे बाजूला फेकतो, ते दृश्य विसरता येत नाही. पुढच्या वर्षीच्या तेलटंचाईत सरकारने काही रविवार मोटारबंदी केली आणि लोकांना रिकामे रस्ते बघायला मिळाले. दरम्यान डेल्फ्टमध्ये गल्लीत वळणे, झाडे, बाके अशा रीतीने मांडली गेली, की मोटारीला माणसाच्या चालीनेच जावे लागे. या रचनेला 'वोनएर्फ' म्हणतात. 'राहण्याचे अंगण' म्हणता येईल. १९७६ साली तिला कायद्याने मान्यता मिळाली. लोकसंख्या बरीच वाढूनही तिथे आता रस्त्यावर वर्षाला सातशेच्या आसपास माणसे मरतात.

लांगेनहोफ यांचा लेख आला त्याच १९७२ साली आपल्याकडे लुना बाजारात आली. तिला मी दोष देत नाही. चढावर दमणाऱ्याला ती वरदानच होती. पुण्यात सायकलमार्ग झाले, तेही सायकली पांगल्यावर. त्यांतले काही मी चालून पाहिले. फरशी चौकाच्या अलीकडे संपते आणि चौक ओलांडल्यावर पुन्हा सुरू होते.