शकुंतलेची अंगठी आणि चंद्रकांत मणी

कल्याणहून कसाऱ्याची लोकल पकडली की शहाड, आंबिवली आणि मग आपलं टिटवाळा. मंगळवारी, त्यातून अंगारकी असली तर, फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. इथल्या महागणपतीला विवाहविनायक म्हणतात. कण्व ऋषींचा आश्रम इथे होता, नवऱ्याने ओळख न दिलेल्या शकुंतलेला त्यांनी या गणपतीची उपासना करायला सांगितली आणि तिचा संसार पुन्हा जुळला, अशी इथली कथा. कालिदासाने तो आश्रम मालिनी नदीकाठी, हिमालयाच्या पायथ्याशी दाखवला आहे. आपल्याला त्यावरून भांडायचं नाही. आज बोलायचंय ते तिच्या अंगठीबद्दल, आणि अंगठी घडते कशी त्याबद्दल.

आधी एक गोष्ट, जी पुष्कळ जणींना ठाऊक नसते. महाभारतातल्या शकुंतलेकडे अंगठीच नाही! ती मुलाला घेऊन भरदरबारात जाते, राजा ओळख नाकारतो, आणि ती त्याला तोंडावर सुनावते. लग्नाआधीच तिने अट घातलेली असते, माझाच मुलगा गादीवर बसेल. शेवटी आकाशवाणी होते आणि राजा कबूल करतो की मला सगळं आठवत होतं, लोक काय म्हणतील म्हणून बोललो नाही. अंगठी आणि दुर्वासाचा शाप ही ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकातली भर. कालिदासाने राजाला विसराळू केलं, त्यामुळे तो खोटारडा ठरला नाही. आणि बाईच्या शब्दाला पुरावा लागू लागला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेही याच नाटकावरून, म्हणून आपल्या घराघरांत अंगठीवालीच शकुंतला पोचली.

नाटकातली ती अंगठी राजाची. मणी बसवलेल्या जागी त्याचं नाव कोरलेलं. रोज एक अक्षर मोज, नाव संपेल तेव्हा तुला न्यायला माणूस येईल, असं तो सांगून जातो. पुढे ती पाण्यात पडते, रोहित माशाच्या पोटात जाते, आणि मासा कापणाऱ्या कोळ्याला शिपाई चोर म्हणून मारत नेतात. खरं कळल्यावर राजा त्याला अंगठीच्या मोलाएवढं बक्षीस देतो, त्यातलं अर्धं कोळी शिपायांना देऊन टाकतो. हा प्रवेश मला सगळ्या नाटकात जास्त खरा वाटतो.

अशा अंगठ्या घडवणारे लोक आपल्या भागात कालिदासाच्याही आधी होते. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत ब्राह्मी अक्षरांतला एक शिलालेख आहे. कल्याणच्या एका सोनाराने तिथल्या भिक्षूंसाठी पाण्याचं टाकं खोदवलं, त्याची ती नोंद. त्याचं नाव सामिदत, म्हणजे स्वामिदत्त. तेव्हाचं कल्याण हे बंदर होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात त्याचं नाव येतं. त्याच टिपणात भडोच बंदरात रोमन चांदीची नाणी आणि राजासाठी चांदीची भांडी उतरत असल्याचंही लिहिलं आहे. आपल्या काळ्या कातळात चांदी सापडत नाही, ती बाहेरून यायची.

पुढेही आपल्याकडच्या बाईच्या अंगावरची चांदी पुष्कळदा नाण्यातूनच आली. राणीछाप रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यात जवळजवळ 92 टक्के चांदी. मोलमजुरीतून, दूध-भाजी विकून गाठीला पडलेला रुपया सोनाराकडे जायचा आणि जोडवी, विरोल्या, तोरड्या होऊन परत यायचा. पायाच्या बोटातली मासोळी तर नावानेच मासा! बँकेची पायरी न चढलेल्या बाईची ती शिल्लक होती. 1940 साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा जुने रुपये मडक्यात लपले ते उगाच नाही. साध्या अंगठीला पाचेक ग्रॅम चांदी पुरते, म्हणजे एका राणीछाप रुपयात दोन अंगठ्या.

आता चंद्रकांत मणी, ज्याला दुकानदार मूनस्टोन म्हणतात. कालिदासाच्या ‘मेघदूता’त हा मणी आहे. अलकानगरीत चांदणं पडलं की तो पाझरतो आणि थकलेल्या स्त्रियांना गारवा देतो. खरा खडा पाझरत नाही. दोन खनिजांचे अतिशय पातळ थर त्यात एकाआड एक असतात, उजेड त्यांच्यात विखुरतो आणि खडा हलवला की निळसर ढग आतून सरकल्यासारखा दिसतो. श्रीलंकेतला मीटियागोडाचा निळा मणी नावाजलेला, आपल्याकडे तामिळनाडूत कांगेयमजवळ सापडतो. त्याला पैलू पाडत नाहीत, घुमटासारखा गोल घासतात आणि पाठ सपाट ठेवतात. थर पाठीला समांतर आले नाहीत तर तो ढग एका कडेलाच दिसतो.

शुद्ध चांदी मऊ, म्हणून हजारात पंचाहत्तर भाग तांबं मिसळतात. दागिन्यावरचा 925 हा आकडा त्याचाच. मुशीत वितळवलेली चांदी ओतून तिची कांब करायची, ऐरणीवर ठोकून पट्टी काढायची. ठोकता ठोकता ती कडक होते आणि चिरायला लागते, म्हणून मधूनमधून मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावी लागते. मग खड्याभोवती पातळ पट्टीचा बरोबर मापाचा वेढा करतात. हेच कोंदण. त्याचा सांधा टाकणखार लावून फुंकणीच्या जाळाने जोडतात, तळाला पत्रा, त्याखाली बोटाचं कडं. जाळाचं, कानशीचं, घासायचं सगळं काम उरकलं की मगच खडा बसवायचा, कारण जाळ लागला तर तो थरांवरून फुटतो. कोंदणाची कड एका बाजूने दाबली की लगेच समोरच्या बाजूने दाबायची. एकाच अंगाने दाबत गेलं तर खडा तिरका बसतो. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

घेताना एवढं बघा. बाजारात ओपलाइट नावाची दुधी काच मूनस्टोन म्हणून विकतात. ती सगळीकडे सारखीच निळी दिसते, उजेडासमोर धरली तर नारिंगी होते, आत बुडबुडेही असतात. सप्तरंगी चमकणारा ‘रेनबो मूनस्टोन’ हा खरा तर लॅब्रडोराइट नावाचा दुसराच दगड. वाईट नाही, पण भाव चंद्रकांताचा देऊ नका. आणि हा मणी हिऱ्यासारखा टणक नाही. घरातल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, त्यांनीही त्याच्यावर ओरखडे येतात. भांडी घासताना, कणीक मळताना अंगठी काढून ठेवायची. चांदी काळी पडली तर रिठ्याच्या पाण्यात मऊ फडक्याने पुसायची. पुढे बोट जाड झालं आणि अंगठी वाढवायची वेळ आली, तर आधी खडा काढा आणि मगच जाळ लावा, हे दुकानात तोंडाने सांगायचं.