रझांच्या निसर्गचित्रांचं आजोळ

चित्रकार सय्यद हैदर रझा यांनी अखेरची वर्षं दिल्लीत काढली. २०१६ मध्ये ते तिथंच गेले. दिल्लीकर रसिक त्यांना ओळखतात ते त्यांच्या चित्रांतल्या बिंदूवरून; फार तर फ्रान्समध्ये रंगवलेल्या, जाड रंगांतल्या खेड्यांवरून. पण घरं, रस्ता, टेकडी हे सगळं रेषेऐवजी रंगानं उभं करायची ओढ त्यांना कुठं लागली, हे पाहायला मुंबईच्या नेपियन सी रोडवर यावं लागतं.

तिथं वॉल्टर लँगहॅमर यांचा स्टुडिओ होता. ऑस्ट्रियातल्या ग्राझचा, १९०५ मध्ये जन्मलेला हा जर्मनभाषक चित्रकार. पत्नी केथे ज्यू. १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि या जोडप्याला देश सोडावा लागला. मुंबईत लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक झाले. नोकरी पोटापाण्याची, जीव रमायचा तो तैलरंगांत. ऑस्ट्रियन चित्रकार कोकोश्काच्या वळणाचा सुटा, जोरकस कुंचला इथल्या उन्हापावसावर फिरू लागला.

मुंबईत तेव्हा निसर्गचित्र म्हटलं की जे. जे. कलाशाळेच्या ब्रिटिश शिस्तीतला जलरंग डोळ्यांपुढं येई. त्या शिस्तीत परांडेकरांसारख्या चित्रकारांनी फार देखणं काम केलं आहे, आणि रझाही जलरंगातच वाढले. लँगहॅमरच्या घरी मात्र रविवारी तरुण चित्रकारांना युरोपातली नवी चित्रकला छापील प्रतिमांतून बघायला मिळे, त्यावर वाद घालता येई. बर्लिनहून आलेले समीक्षक रूडी फॉन लायडन आणि व्हिएन्नाचे संग्राहक श्लेसिंगर यांचाही या मुलांना आधार होता. छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत राबणाऱ्या रझांना लँगहॅमरनी आपल्या स्टुडिओत बोलावून घेतलं. एका निर्वासितानं इथल्या तरुणांसाठी दार उघडं ठेवावं, हे मला त्यांच्या कुठल्याही चित्राहून मोठं वाटतं.

१९४७ मध्ये मुंबईतल्या तरुण चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. त्यात रझांबरोबर अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे होते. त्यांनीही घरांचे पुंजके रंगांच्या पट्ट्यांनी रचले.

सगळं श्रेय लँगहॅमरना देता येणार नाही. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी रझांना सांगितलं, की चित्रांना बांधणी हवी, फ्रेंच चित्रकार सेझान अभ्यासा. १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले. लँगहॅमर त्याच दशकात भारत सोडून गेले.

दिल्लीच्या जयपूर हाऊसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे पहिले क्युरेटर हरमान गोट्झ हेही लँगहॅमरसारखे जर्मनभाषकच होते. त्या भिंतींवर तरुण रझा आणि गाडे यांच्या शेजारी लँगहॅमरची मुंबई कायमची टांगलेली मला पाहायची आहे.