शिक्षकानें शिक्षकापासून शिकावें

दिवसभर राबून आलेला प्रौढ मनुष्य रात्रीं पाटी हातीं घेतो, तेव्हां त्याला शिकविणारा शिक्षक स्वतः कोठें शिकतो, हा प्रश्न साक्षरतेच्या इतिहासांत फारसा विचारला गेला नाहीं. लहान मूल कंटाळलें तर खोड्या करतें. प्रौढ कंटाळला तर कांहींच बोलत नाहीं, दुसऱ्या दिवशीं येत नाहीं एवढेंच. आपली चूक कोठें झाली, हें मग शिक्षकास कळावें कसें ?

१८५५ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रीची शाळा काढली. १९११ सालीं नारायण मल्हार जोशी यांनीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग स्थापिली. तिनें कामगारांसाठीं रात्रशाळा व वाचनालयें चालविलीं. पुढें फिलिपाइन्स बेटांतील मिशनरी फ्रँक लॉबाक यांनीं ‘प्रत्येकानें एकास शिकवावें’ हा मार्ग दाखविला आणि १९३५ सालानंतर तो हिंदुस्थानांतही आला. आजचा विद्यार्थी उद्यांचा शिक्षक होऊं लागला. शिक्षक वाढले, त्यांचें शिकविणें सुधारण्याचें कोडें मात्र सुटलें नाहीं.

स्वातंत्र्यानंतर मुंबईचें उद्योगक्षेत्र पूर्वेकडे पसरलें. १९५४ सालीं टाटा सामाजिक विज्ञान संस्था चेंबूरजवळ देवनार येथें आली. त्याच सुमारास माहूल-ट्रॉम्बेकडे तेलशुद्धीचे कारखाने उभे राहिले. १९६७ सालीं देशांतील पहिलें श्रमिक विद्यापीठ मुंबईंतच निघालें. २ ऑक्टोबर १९७८ रोजीं राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १५ ते ३५ वयाच्या सुमारें १० कोटि निरक्षरांस शिकविण्याचा तो संकल्प होता. शिक्षकास अल्प मुदतीचें प्रशिक्षण देऊन वर्गावर पाठवीत, आणि देखरेखीस पर्यवेक्षक असे. परंतु पर्यवेक्षक हा कितीही सज्जन असला तरी वरिष्ठच. त्याच्यासमोर आपली अडचण मोकळेपणीं मांडण्यास शिक्षक कचरतो.

१९८० सालीं अमेरिकेंतील ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स यांनीं प्रशिक्षणासंबंधींचें संशोधन तपासून एक मर्माची गोष्ट मांडली. व्याख्यानानें व नमुनापाठानें शिक्षकास नवी रीत समजते. पण वर्गांत ती रुजण्यास सोबतीचें साहाय्य लागतें. म्हणून सहकाऱ्यांनीं एकत्र पाठ आंखावा व एकमेकांचा वर्ग पाहावा. प्रारंभीं पाठानंतर गुणदोष सांगण्याची चाल होती. १९९६ सालीं मात्र त्यांनीं ती सोडून देण्यास सांगितलें. कारण दोष सांगूं लागतांच सोबती परीक्षक बनतो. त्यांनीं नातेंच उलटें केलें : पाठ घेणारा तो मार्गदर्शक, पाहणारा तो शिकणारा.

ही शिकवण रात्रवर्गास विशेष लागू पडते. तेथील शिक्षकास मानधन थोडें, वेळ त्याहून थोडा. स्वतःचा वर्ग टाकून दुसऱ्याचा पाहावयास तो जाणार केव्हां? यावर उपाय साधा आहे. शेजारच्या दोन चाळींतील वर्ग आठवड्यांतून एक दिवस एकत्र बसवावे. एकानें शिकवावें, दुसऱ्यानें मागें बसून पाहावें. पुढील आठवड्यास पाळी बदलावी. कोणी थेट मुळाक्षरांपासून आरंभ करील, कोणी रेशनकार्डावरील नांवापासून. कोणाच्या रीतीनें मागच्या रांगेंतली संकोचलेली बाई खडू हातीं घेते, हें पाहणाऱ्यास आपोआप दिसेल.

या कामास नवी इमारत नको, मोठा खर्च नको. आपला वर्ग दुसऱ्यास दाखविण्याचें धैर्य तेवढें हवें. अक्षर चुकेल या भीतीवर मात करून प्रौढ विद्यार्थी रोज वर्गांत येतो. तेवढें धैर्य त्याच्या शिक्षकानेंही दाखविलें पाहिजे.