मूळ रूप आणि वाऱ्याची ढाल

आमच्या अचलपुरातील जुन्या घराच्या ढाळजेत १९६७ साली मद्रासेस बनलेली एक एनफील्ड बुलेट उभी असते. वडिलांनी ती घेतली तेव्हा प्रस्तुत लेखकाचा जन्मही झाला नव्हता. वडील शाळामास्तर होते. शनिवारची शाळा सुटली की आईला मागे बसवून परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढून जावे आणि रविवारी सायंकाळी परतावे, एवढीच काय ती त्यांची चैन. त्यांच्या पश्चात गाडी मजकडे आली, आणि ती मी शोभेसाठी ठेवली नाही. अमरावतीस जाणे-येणे, नातलगांची लग्नकार्ये, क्वचित मेळघाटातून धारणीपर्यंतची फेरी, हे सर्व मी आजवर तिच्यावरूनच करीत आलो आहे.

गेल्या दोन वर्षांत मात्र माझ्या उजव्या कानात एक बारीक शीळ वाजू लागली. कानाच्या डॉक्टरांनी सर्व ऐकून घेतले आणि सांगितले की, इंजिनाला दोष देऊ नका, दोष वाऱ्याचा आहे. शिरस्त्राणाभोवती तासन्‌तास घोंघावणारा वारा कानास हळूहळू निकामी करतो. एक तर वेग आणि अंतर कमी करा, नाही तर गाडीपुढे काही आडोसा करा. अंतर कमी करण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून मोटारसायकलवाले ज्याला फेअरिंग म्हणतात ती वाऱ्याची ढाल बुलेटला बसवावी, असा मी बेत केला.

बेत घरात कळला आणि पुण्यास अभियंता असलेला माझा पुतण्या दिवाळीत आला तो वाद घालण्याच्या तयारीनेच. "काका, कान सांभाळा, दुसरी गाडी घ्या, वाटेल ते करा, पण आजोबांच्या गाडीला ते प्लॅस्टिकचं तोंड लावू नका. मूळ रूप गेलं की गाडी गेली!" जन्मभर इतिहास शिकविणाऱ्या मनुष्याला ‘मूळ रूप’ हा शब्द ऐकून स्वस्थ बसवत नाही. मूळ म्हणजे केव्हाचे, आणि कोणी ठरविले, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून आमच्या धंद्यात पुढे जाताच येत नाही. तेव्हा ढाल बसविण्यापूर्वी मी तिचा इतिहास पाहण्यास बसलो.

बुलेटचे जन्मगाव इंग्लंडातील रेडिच. भारतीय लष्कराने १९५२ साली सरहद्दीवरील गस्तीसाठी ही गाडी पसंत केली आणि तिची मागणी मद्रास मोटर्समार्फत रेडिचला गेली. १९५५ साली मद्रासेस एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली. आरंभी सुटे भाग विलायतेहून येत व येथे जोडले जात; पुढे साचे आणि हत्यारेही इकडे आली आणि काही वर्षांत गाडी सर्वस्वी देशी झाली. येथपर्यंतची हकीकत बुलेटच्या प्रत्येक भक्तास पाठ असते. तिचा एक परिणाम मात्र सहसा ध्यानात येत नाही. आपण जी घेतली ती १९५५ सालची बुलेट, आणि पुढे कित्येक वर्षे तिच्या अंगावरची रेघही फारशी बदलली नाही. रेडिच मात्र थांबले नव्हते. १९५६ साली त्या कारखान्याने ‘द मोटर सायकल’ या साप्ताहिकाच्या सहकार्याने एक नमुना गाडी तयार केली. तिचे पुढचे चाक, दिवा, स्वाराचे पाय व छाती ही सर्व फायबरच्या एका सुबक कवचामागे झाकलेली होती. लोकांनी तिला ‘ड्रीमलायनर’ म्हटले. त्या प्रयोगातून ‘एअरफ्लो’ नावाची ढाल निघाली आणि १९५८ च्या हंगामापासून रॉयल एनफील्डच्या अनेक गाड्या, ज्याला हवी त्याला, कारखान्यातूनच ढालीसकट मिळू लागल्या.

हिशेब उघड आहे. मद्रासेस साचे येण्याचे ठरले त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी ही ढाल बाजारात आली. ती गाठ चुकली नसती तर कदाचित ढाल असलेली बुलेट हीच आपल्याकडे ‘मूळ रूप’ म्हणून पूजिली गेली असती, आणि ती काढू म्हणणाऱ्या काकांशी पुतण्यांनी भांडण केले असते. मी हे पुतण्यास सांगितले. तो म्हणाला, "पण झालं नाही ना तसं!" उत्तर खरे होते, इतिहासात ‘तर’ला किंमत नसते हे मीच त्याला लहानपणी सांगितले होते.

ढालीची कुळकथा मात्र एअरफ्लोच्याही मागे जाते. तिचा प्रथम उपयोग झाला तो कानांसाठी नव्हे, वेगासाठी. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी चाळीस किलोमीटरचे ऐंशी केले की विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास शक्ती लागते आठपट. म्हणून विक्रमवीरांना इंजिनाइतकेच महत्त्व वाऱ्याला फसविण्याचे वाटू लागले. १९३७ च्या नोव्हेंबरात एर्न्स्ट हेन्ने या जर्मन स्वाराने बीएमडब्ल्यूच्या पाचशे सीसीच्या गाडीवर, माशासारख्या बंद कवचात बसून, ताशी २७९ किलोमीटरांहून अधिक वेग गाठला. इटलीतील मोटो गुत्सीने तर १९५० च्या सुमारास आपल्या कारखान्यातच वाऱ्याचा बोगदा बांधला. शर्यतीच्या गाड्यांना तेव्हा पुढचे चाक पुरते झाकणारी कवचे लावीत. त्यांच्या आकारामुळे इंग्रजांनी त्यांना ‘कचऱ्याचे डबे’ असे नाव दिले. ही कवचे समोरच्या वाऱ्यास उत्तम. परंतु आडवा झोत आला की पुढचे चाक स्वाराच्या हाती राहीना. अखेर १९५७ च्या हंगामानंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढचे चाक झाकणाऱ्या कवचांवर बंदी घातली. आमच्या येथील मिस्त्रीने यातले काही वाचलेले नाही. मी त्याला बेत सांगितला तेव्हा गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "सर, समोरचा वारा अडवसान, पन आडवा वारा आला म्हंजे हँडल कोन धरन?" इटलीच्या बोगद्यातून जे निघाले तेच परतवाड्याच्या नाक्यावर बसून त्याने सांगितले.

शर्यतीतून हाकललेली ही ढाल प्रवाशांनी उचलली. व्हिन्सेंट कंपनीच्या ब्लॅक प्रिन्सने १९५४-५५ मध्ये सबंध गाडीलाच कवच घातले. सद्गृहस्थाने साध्या कपड्यांत निघावे आणि चिखलाचा थेंब न उडता मुक्कामी पोहोचावे, ही कल्पना. गाडी फार थोडी खपली आणि १९५५ अखेर कारखान्याने मोटारसायकली बनविणेच सोडले. पुढे अमेरिकेत क्रेग व्हेटरने १९७१ पासून ‘विंडजॅमर’ ही कोणत्याही मोठ्या गाडीस जोडता येणारी ढाल विकून लांबच्या प्रवासाची रीतच बदलली, आणि १९७६ साली बीएमडब्ल्यूने वाऱ्याच्या बोगद्यात पारखलेली पूर्ण ढाल कारखान्यातूनच लावून दिली.

आपल्याकडे हे काहीच आले नाही, असे पुतण्याचे म्हणणे. मला ते पटत नाही. ढाल आली, पण मोटारसायकलच्या दाराने न येता स्कूटरच्या दाराने आली. व्हेस्पाचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा विमाने व हेलिकॉप्टरे यांचा अभियंता. मोटारसायकलचा त्याला तिटकारा होता. ती कपडे घाण करते अशी त्याची तक्रार. म्हणून त्याने १९४६ साली स्वाराच्या पायांपुढे एक रुंद पत्रा उभा केला. वर्ध्याच्या बजाज घराण्याने ती गाडी प्रथम बाहेरून आणली आणि नंतर पुण्याजवळ आकुर्डीस बनविली. पुढे तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसले. त्या पत्र्यामागे मूल उभे राहिले, भाजीची पिशवी राहिली, पावसात धोतराचा सोगा कोरडा राहिला. ती ढालच होती. फक्त तिला कोणी ढाल म्हटले नाही. त्याही मागे जायचे तर आमच्या वऱ्हाडातील दमणी आणि रेंगी पाहा. धावत्या बैलांच्या या हलक्या गाड्यांवर छप्पर व पडदे असत, आणि उन्हाळ्याचे वऱ्हाड त्यात बसून निभावून जाई. वाहन हाकणाऱ्याने वारा-ऊन अंगावर घेण्यातच पुरुषार्थ आहे ही समजूत आमच्या पूर्वजांची नव्हती. ती मोटारसायकलबरोबर आयात झाली असावी.

येथे वऱ्हाडच्या वाऱ्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. इंग्लंडातील ढाल थंडी-पावसाविरुद्ध होती. आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिसापर्यंत सहज जातो, आणि वारा कातडीहून उष्ण असला म्हणजे तो अंग निववीत नाही, भाजतो; घाम सुकताना जो गारवा मिळेल तेवढाच काय तो, आणि तोही अंगातील पाणी शोषून. अशा झळांत छातीपुढे आडोसा असणे हे सुख नव्हे, गरज आहे. पण त्यातच एक पेच आहे. बुलेटचे इंजिन वाऱ्यानेच थंड होते. स्वारासाठी अडविलेला वारा इंजिनासही अडला, तर स्वार वाचेल आणि सिलिंडर तापून पिस्टन धरेल. शिवाय इंजिनाची धग ढालीआड कोंडून गुडघ्यांवर येईल ती वेगळीच. म्हणून मी खालची अर्धी ढाल सोडून दिली आणि टाकीच्या उंचीपासून हनुवटीपर्यंतच आडोसा करावयाचे ठरविले.

अमरावतीच्या एका कारागिराने साचा करून फायबरचे कवच घडविले आणि वर पारदर्शक ॲक्रिलिकची पाटी बसविली. पहिली चूक माझीच. काम सोपे व्हावे म्हणून मी ते हँडलवर क्लॅम्पांनी बांधवून घेतले. साठाच्या पुढे गेलो तोच हँडल डावी-उजवीकडे डुलू लागले, आणि एस.टी.ची गाडी शेजारून गेली तेव्हा तर गाडी माझी नसून तिची असल्यासारखी हलली. मिस्त्री काही बोलला नाही. तेवढा शहाणपणा त्याच्यापाशी आहे. दुसऱ्या खेपेस वजन हँडलावरून काढून चौकटीवर घेतले. इंजिनापुढून उतरणारी नळी आणि लेगगार्ड यांना पट्ट्या कसल्या, प्रत्येक पट्टीखाली रबर दिले, आणि मूळ चौकटीला एकही भोक पाडले नाही. आता नवी अडचण: बुलेटचा दिवा हँडलाबरोबर वळतो, ढाल मात्र चौकटीबरोबर स्थिर. हँडल दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत वळवून, दिवा व क्लचची तार कोठे अडकत नाही हे पाहून, ढालीचे तोंड दोनदा कापावे लागले. घाटातील वळणावर हे ध्यानात आले असते तर हा लेख लिहावयास मी राहिलो नसतो.

पुतण्याने तोवर नवा मुद्दा शोधून काढला होता. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले, चौकट, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन ‘व्हिंटेज’ ठरते; नव्या नोंदणीस वीस हजार रुपये भरले की ‘व्हीए’ अक्षरांचा मानाचा क्रमांक मिळतो. "काका, आपली गाडी यात बसते!" मी नियम पुढे वाचून दाखविला. असे वाहन नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे व देखभाल, एवढ्याच कामांसाठी ते बाहेर निघावे. म्हणजे मान मिळेल, पण अमरावतीस जाता येणार नाही. आमच्या गावाला असा मान नवा नाही. मूर्तिजापूरहून येणारी शकुंतला १९२१ सालच्या मँचेस्टरच्या इंजिनावर १९९४ पर्यंत धावली. आता गाडी बंद आहे आणि तिच्यावरील लेख मात्र सुरू आहेत.

मूळ रूपाचा प्रश्न त्याच्याशी शेवटी गाविलगडावर निघाला. गड १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहमनीने बांधला असे सांगतात. इमादशाहीच्या संस्थापकाने, फतहुल्लाने, १४८८ साली त्याची दुरुस्ती करून दिल्ली दरवाजा उभा केला. बहराम बुरूज १५७७ चा. आम्ही दोघे त्या दरवाज्याखाली सावलीत बसलो होतो. "यातलं मूळ कोणतं?" मी विचारले. त्याने वर कोरलेले सिंह पाहिले, बराच वेळ पाहिले. "काका, हे दगडाचं आहे. तुमचं फायबरचं," तो म्हणाला. मी वाद सोडला, कारण या उत्तरात काही तथ्य आहे. फतहुल्लाने दरवाजा बांधला तो गडाच्या जातीच्या दगडात, गडाच्या जातीच्या हातांनी. माझी ढाल त्या जातीची आहे की नाही, हे अजून पन्नास वर्षांनी कोणी पाहील तो सांगेल.

मी साधीच नोंदणी ठेवली आहे. नूतनीकरणाच्या वेळी तपासनीसापुढे गाडी ढालीसकट उभी करणार आहे. ढालीला जागा करण्यासाठी काढलेले मूळ आरसे, त्यांचे नट-बोल्ट आणि वडिलांनी लावलेले हॉर्नचे झाकण ही सर्व एका बिस्किटाच्या डब्यात, चिठ्ठी लिहून, माळ्यावर ठेविली आहेत. चिठ्ठीवर प्रत्येक वस्तू कोठे बसते ते लिहिले आहे आणि कोणत्या पान्याने, तेही.

परवा पहाटे आम्ही दोघे चिखलदऱ्यास निघालो. घाट लागल्यावर पत्नी मागून काही म्हणाली आणि ते मला ऐकू आले. तीस वर्षांत गाडीवर ती काय बोलते हे मी प्रथमच ऐकत होतो. "जरा हळू चालवा," असे ती म्हणत होती.