रस्त्याहून मोठें ओझें

रस्ता दिसावयास जितका मोकळा, तितकाच तो नियमांनीं बांधलेला असतो. त्यावरून कोणींहि जावें, केव्हांहि जावें, असें आपणांस वाटतें. परंतु जाणाऱ्यानें आपलें माप मात्र संभाळावें लागतें. फ्रान्स देशांत मालमोटारीच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा २.५५ मीटर, म्हणजे सुमारें साडेआठ फूट आहे. आणि मालासकट वजनाची मर्यादा फार तर ४४ टन. या मापांत जें बसतें त्याची कोणी विचारपूस करीत नाहीं. परंतु विजेचे अजस्र ट्रान्स्फॉर्मर, पुलांच्या तुळया, विमानांचे पंख, यांना रस्त्याचें माप ठाऊक नसतें. तीं ज्या कामासाठीं घडविलीं जातात, त्या कामाच्या मापानें वाढतात. मग प्रश्न असा उभा राहतो कीं, ओझ्यानें रस्त्यापुढें नमावें, कीं रस्त्यानें ओझ्यापुढें? आणि नमण्याची किंमत कोणीं द्यावी? फ्रान्सच्या गेल्या तीनशें वर्षांच्या इतिहासांत या प्रश्नाचीं तीन निरनिराळीं उत्तरें सांपडतात.

पहिलें उत्तर राजसत्तेचें. अठराव्या शतकांतील फ्रान्सचे राजरस्ते साऱ्या युरोपांत नांवाजलेले होते. आर्थर यंग हा इंग्रज शेतीतज्ज्ञ १७८७ पासून पुढें तीन वेळां त्या देशांत हिंडला. त्यानें या रस्त्यांची मनापासून वाखाणणी केली. मात्र इतक्या सुंदर रस्त्यांवर रहदारी इतकी थोडी कां, याचें त्याला नवल वाटलें. हे रस्ते ज्यांनीं तयार केले, त्यांची कथा निराळी आहे. १७३८ सालीं राजाचा अर्थमंत्री ओरी यानें रस्त्यांच्या कामासाठीं वेठीची पद्धति देशभर चालू केली. रस्त्याजवळच्या गांवांतील शेतकऱ्यांनीं आपलीं जनावरें, गाड्या आणि हात घेऊन वर्षांतून ठराविक दिवस फुकट राबावें, असा तो नियम होता. ज्याच्याजवळ गाडी नसे, तो कुदळ घेऊन येई. सरदार व धर्मगुरु यांना त्यांतून सूट होती. तुर्गो या सुधारक मंत्र्यानें १७७६ मध्यें ही वेठ बंद केली. पण त्याच वर्षीं त्याचें मंत्रिपद गेलें आणि वेठ परत आली. तिचें कायमचें उच्चाटन झालें तें १७८७ सालीं, राज्यक्रांति अगदीं उंबरठ्यावर आली असतां.

अशा श्रमांनीं झालेला रस्ता जड गाड्यांनीं उखडूं नये, याची काळजी सरकारला घ्यावी लागे. लोखंडी धांवेचें अरुंद चाक जड ओझ्याखालीं नांगराच्या फाळासारखें रस्त्यांत रुते. म्हणून गाडीचें वजन आणि धांवेची रुंदी यांची कायद्यानें सांगड घातली गेली. नेपोलियनच्या कारकीर्दींत १८०६ सालीं तसा सविस्तर हुकूमच निघाला. जितकें ओझें जड, तितकी धांव रुंद. गाडीवानाला वजनकांट्यावर गाडी चढवून आपली बाजू सिद्ध करावी लागे. येथें ओझें रस्त्यापुढें नमत होतें. पुढें खडीचे पक्के रस्ते झाले, आगगाडी आली, आणि ३० मे १८५१ च्या कायद्यानें वजनाचें व धांवेच्या रुंदीचें हें बंधन काढून टाकलें.

दुसरें उत्तर असें कीं, रस्त्याच्या वाटेला जाऊंच नये. मिसर देशाचा शास्ता महंमद अली यानें लक्सर येथील देवळापुढचा एक प्राचीन शिलास्तंभ फ्रान्सला भेट दिला. उंची सुमारें २३ मीटर, वजन दोनशें टनांहून अधिक, आणि सारा एकसंध दगड. तो आणण्यासाठीं तुलाँ येथें सपाट तळाचें एक खास जहाज बांधण्यांत आलें. तें समुद्रांत तरावें, नील नदींत चालावें, आणि सेन नदीवरील पुलांच्या कमानींखालूनहि जावें, अशी त्याची मापें ठरविलीं होतीं. १८३१ सालीं आपोलिनेर लबा या इंजिनिअरानें स्तंभ आडवा केला. जहाजाचें नाक कापून तो आंत सरकविला, आणि नाक पुन्हां जोडून टाकलें. नंतर नीलेला पूर येईपर्यंत मंडळींना महिनेच्या महिने वाट पाहावी लागली. स्फिंक्स नांवाच्या आगबोटीनें तें जहाज ओढून आणलें, आणि १८३३ च्या डिसेंबरांत तें पॅरिसला पोंचलें.

हजारों मैलांचा जलप्रवास अशा रीतीनें पार पडला. पण जागेचा निर्णय, ब्रिटनींतून आणावयाचा पायथ्याचा ग्रॅनाइट आणि उभारणीची सामग्री यांत आणखी जवळजवळ तीन वर्षें गेलीं. नदीकांठापासून काँकॉर्द चौकाच्या मध्यापर्यंतचा खुष्कीचा पल्ला लहानसा. त्यासाठींहि उतरण बांधावी लागली. अखेर २५ ऑक्टोबर १८३६ रोजीं राजा लुई फिलिप आणि अफाट जनसमुदाय यांच्या देखत तोफखान्याच्या शिपायांनीं रहाट फिरवून स्तंभ उभा केला. त्याच्या पायथ्यावर फ्रेंचांनीं ज्या आकृति कोरून त्यांवर सोनेरी मुलामा दिला, त्या कोणा राजाच्या नाहींत. स्तंभ उतरविण्याच्या व उभारण्याच्या यंत्रांच्या आहेत. वाहून आणण्याच्या कामालाच एवढा मान मिळाल्याचें उदाहरण विरळा.

परंतु पाणी सर्वत्र पोंचत नाहीं, आणि आगगाडीचा बोगदा हा रस्त्याहूनहि अरुंद. विसाव्या शतकांत कारखाने, वीजकेंद्रें आणि धरणें देशाच्या कानाकोपऱ्यांत गेलीं, तेव्हां जड ओझ्यांना पुन्हां रस्त्यावर येणें भाग पडलें. फ्रेंच कायद्यानें त्यांचा 'असाधारण तांडा' असा निराळा वर्ग मानला आहे, आणि त्याच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. लांबी २० मीटर, रुंदी ३ मीटर व वजन ४८ टन यांच्या आंत राहील ती पहिली पायरी. २५ मीटर, ४ मीटर व ७२ टनांपर्यंतची दुसरी. त्याहून जें मोठें, तें सारें तिसरीचें. अशा वाहतुकीला प्रिफेक्टची, म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्यासारख्या अंमलदाराची, लेखी परवानगी लागते.

हीं वाहनें हांकणाऱ्यांचें जीवन इतर मालमोटारवाल्यांहून फार वेगळें असतें. इतरांची झटापट वेळेशीं, यांची इंचांशीं. प्रवासाआधीं सारी वाट मोजून घ्यावी लागते: पुलाखालची उंची, वळणाचा कोन, तारांचा झोळ, रस्त्यावर आलेली फांदी, चौकांतलें गोल बेट. कित्येक ठिकाणीं अशा बेटांच्या मधूनच सरळ फरसबंदी वाट काढून ठेवलेली असते, आणि दिशादर्शक पाट्या उपटून पुन्हां रोंवतां येतील अशा बसविलेल्या असतात. पुढें वाटाड्याची मोटार फिरता नारिंगी दिवा लावून समोरच्यांना थोपवीत जाते. फार लांब ओझें असलें तर मागच्या चाकांना वेगळें सुकाणूं असतें, आणि अवघड वळणावर दुसरा माणूस तीं चाकें फिरवितो. रथाला मोगरी लावणारा आणि दोर ओढणारे यांचा जसा एकमेकांवर भरंवसा, तसाच या दोघांचा. पुढच्याला मागचें दिसत नाहीं, मागच्याला पुढचें दिसत नाहीं. मध्यें असतो तो केवळ आवाज आणि विश्वास.

त्यांच्या आठवड्याला कायद्यानें कुंपण घातलें आहे. शनिवारीं दुपारीं बारा वाजल्यापासून सोमवारीं सकाळीं सहापर्यंत, तसेंच सणासुदीच्या दिवशीं, अशा ओझ्यांना सामान्यतः रस्ता बंद असतो. घर दूर असलें आणि शनिवारची दुपार वाटेंतच गांठली, तर रविवार गाडीच्या खोलींत काढणें आलें. फ्रान्सचे मालमोटारवाले त्यांच्या खाणावळींसाठीं प्रसिद्ध आहेत. १९३४ सालीं फ्रान्स्वा द सोलिय या गृहस्थानें त्यांच्यासाठीं 'ले रुतिए' नांवाचें वृत्तपत्र काढलें. त्यांतूनच स्वस्त व पोटभर जेवण देणाऱ्या खाणावळींवर तांबडी-निळी गोल पाटी लावण्याची चाल पडली. परंतु चाळीस मीटर लांबीचें ओझें घेऊन निघालेल्याला कोणत्याहि खाणावळीच्या आवारांत शिरतां येत नाहीं. ती पाटी पाहत पुढें जाणें हेंच बहुधा त्याच्या नशिबीं येतें.

आतां तिसरें उत्तर. एअरबस कंपनीनें २००० सालच्या अखेरीस ए-३८० या दुमजली प्रचंड विमानाची योजना हातीं घेतली. त्याचे पंख वेल्समध्यें, कण्याचे भाग हँबुर्ग व सेंनझेर येथें, शेपटी स्पेनमध्यें, आणि जुळणी मात्र समुद्रापासून दूर असलेल्या तुलूझ शहरांत. हे भाग कंपनीच्या मालवाहू विमानांतहि मावेनात. तेव्हां ते जहाजानें जिराँद नदीच्या मुखांत पॉयाकपर्यंत आणावे, तेथून तराफ्यांवर घालून गारोन नदीनें लाँगोंपर्यंत न्यावे, आणि पुढील सुमारें २४० किलोमीटर रस्त्यानें, असें ठरलें. बोर्दो शहरांतील १८२२ सालच्या सतरा कमानींच्या दगडी पुलाखालून तराफा जावयाचा तर भरती-ओहोटीची नेमकी घटका साधावी लागे. एकोणिसाव्या शतकांतल्या गवंड्यानें आंखलेली कमान एकविसाव्या शतकांतल्या विमानाला वेळापत्रक घालून देत होती.

रस्त्यावर मात्र प्रकार उलटा झाला. २००१ सालीं फ्रेंच संसदेनें या एका वाटेसाठीं स्वतंत्र कायदा केला. रस्ते रुंद झाले, गांवांना वळसे घातले गेले, झाडें तोडलीं गेलीं, नवीं लावलीं गेलीं. विरोधहि झाला, आणि तो अकारण नव्हता. दुतर्फा झाडी हें त्या प्रांतांतील रस्त्यांचें जुनें भूषण. २००४ च्या एप्रिलांत पहिला तांडा निघाला. एका विमानासाठीं सहा वाहनें: कण्याचे तीन भाग, दोन पंख आणि एक शेपटी. प्रवास रात्रींचा; दिवसा त्यांच्यासाठीं बांधलेल्या तळांवर मुक्काम. पुढें-मागें मोटारसायकलींवर पोलीस. तुलूझजवळच्या लेव्हिन्याक गांवांतून जातांना तर वाहन आणि घराची भिंत यांत दोन्ही बाजूंस जेमतेम अर्धा मीटर अंतर राही. मनुष्याच्या चालीनें तें धूड सरके, आणि गांवकरी अंगावर गरम कपडे घेऊन खिडक्यांत उभे राहत. आरंभीं कुतूहल, मग कुरकुर, मग सवय, आणि अखेर एक प्रकारची आपुलकी, असा त्या गांवाचा प्रवास झाला.

कारण हें सारें सोळा वर्षांतच संपलें. विमानकंपन्यांना दोन इंजिनांचीं लहान विमानें परवडूं लागलीं, ए-३८० ला मागणी उरली नाहीं, आणि फेब्रुवारी २०१९ मध्यें त्याचें उत्पादन थांबविण्याची घोषणा झाली. फेब्रुवारी २०२० मध्यें शेवटचा तांडा लेव्हिन्याकमधून गेला, तेव्हां त्याला निरोप देण्यास हजारों लोक थंडींत रस्त्यावर आले होते. शेवटचें विमान डिसेंबर २०२१ मध्यें गिऱ्हाइकाच्या हवालीं झालें. अडीचशेंच्या आसपास विमानें या वाटेनें तुकड्या-तुकड्यांनीं गेलीं. त्या वाटेवरचें वळण अन् वळण, भिंत अन् भिंत ज्यांच्या हातांत बसली होती, त्या चालकांचें तें ज्ञान एका रात्रींत निरुपयोगी झालें. सुताराची विद्या दुसऱ्या गांवीं चालते. एका विशिष्ट भिंतीजवळून पंख नेण्याची विद्या दुसरीकडे कोठें चालावी?

तरीहि हें उत्तर फ्रान्सनें टाकून दिलें नाहीं. प्रोव्हान्स प्रांतांत कादाराश येथें सूर्याप्रमाणें अणूंच्या मीलनांतून शक्ति निर्माण करण्याचा जो आंतरराष्ट्रीय प्रयोग उभा राहिला, त्यासाठीं बेरच्या खाडीपासून १०४ किलोमीटरची अशीच वाट तयार करण्यांत आली. सप्टेंबर २०१३ मध्यें काँक्रीटचे ठोकळे लादलेला, ३५२ चाकांचा, सुमारें आठशें टनांचा तांडा केवळ परीक्षेसाठीं चार रात्रीं त्या वाटेवर चालवून पाहिला. या प्रयोगांत भारतहि भागीदार आहे. यंत्राला बाहेरून वेढणारें सुमारें २९ मीटर उंचीचें पोलादी पात्र भारताच्या वांट्याचें. त्याचे ५४ भाग मुंबईच्या लार्सेन अँड टूब्रो कंपनीनें सुरतेजवळ हजिरा येथें घडविले, आणि २०१५ च्या डिसेंबरांत त्यांतले पहिले भाग तेथें पोंचले. हजिऱ्याच्या कारागिरानें घडविलेलें पोलाद प्रोव्हान्सच्या द्राक्षमळ्यांमधून रात्रीं हलक्या पावलांनीं नेणारा फ्रेंच चालक, हाहि त्या यंत्राचा एक कारागीरच होय.

या तिन्ही उत्तरांत खर्चाची बाजू विसरून चालणार नाहीं. वेठीच्या काळीं किंमत दिली ती रस्त्याकडेच्या शेतकऱ्यानें, आणि त्याला कोणीं विचारलें नाहीं. एकविसाव्या शतकांत संसदेनें चर्चा केली, सरकारी तिजोरींतून पैसा आला, विरोध करणाऱ्याला न्यायालयाचा दरवाजा मोकळा होता. तरीहि तुटलेलें झाड व मोडलेली झोंप त्याच रस्त्याकडेच्या माणसाच्या वांट्याला आली. दोहोंमधला फरक मोठा आहे, आणि तो जपण्यासारखा आहे. मात्र दोन्हींत एक गोष्ट समान राहिली. ज्याच्या हुकुमानें रस्ता झाला तो राजा गेला, ज्याच्यासाठीं रुंद झाला तें विमानहि गेलें. रस्ता राहिला, आणि त्यावरून आतां गास्कनीच्या शेतकऱ्यांच्या धान्याच्या गाड्या जातात. ओझें थोर असो वा लहान, तें एके दिवशीं वाटेवरून निघून जातें. म्हणून वाट करतांना ओझ्याच्या मापापेक्षां वाटेकडेच्या माणसांचा विचार अधिक करावा, हाच या तीनशें वर्षांच्या वाहतुकीचा धडा होय.